पावतीचा फोटो काढून ठेवलात का?

तुमची विज्ञानकथा एका दिवाळी अंकाने घेतली, दोन हजारांचा चेक आला, आणि सोबत ‘सर्व हक्कांसह मानधन मिळाले’ असं छापलेली पावती सही करून पाठवा म्हणून आली. सही करू का, आणि नाही केली तर पुढच्या वर्षी कथा मागतील का, हा तुमचा प्रश्न. वाचता वाचता माझा चहा गार झाला. माझ्या वेळीही मजकूर जवळपास हाच होता, फक्त रक्कम पंधराशे होती.

मी बावीस-तेवीस वर्षं विज्ञानकथा लिहितोय. पोटापाण्याला कऱ्हाडजवळ ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्षाला तीन, फार तर चार कथा होतात. मे महिन्यात लिहायच्या, जून-जुलैत पाठवायच्या आणि दिवाळीनंतर मानधनाची वाट बघायची. कथा कशी लिहावी, कुठे पाठवावी हे तुम्हाला माहीतच आहे, नाहीतर छापून आलीच नसती. ते सोडून देतो.

२०१४ची गोष्ट. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका भूकंपमापकावर रोज पहाटे ठरावीक वेळी तीच रेघ उमटते, अशी कथा होती. माझी त्यातल्या त्यात बरी कथा, लोक अजून विचारतात. डिसेंबरात पाकीट आलं ते प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेसच्या मध्ये. गुलाबी कागदाची पावती, सहीच्या जागी पेन्सिलीने केलेली फुली. मी व्हर्नियर कॅलिपर बाजूला सारला, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला, आडवी सही ठोकली आणि शिपायाबरोबर त्याच दिवशी पोस्टात पाठवली. (पाच हजारांपर्यंतच्या पावतीला स्टॅम्प लागतच नाही. एक रुपयाही मीच घातला!)

आता नीट वाचा. सही केली ही चूक होतीच, पण मला महागात पडली ती दुसरीच चूक. मी त्या कागदाची झेरॉक्स काढली नाही. खिशात कॅमेऱ्याचा फोन होता, तरी फोटोही काढला नाही.

२०१७ मध्ये संग्रह निघायचा ठरला. प्रकाशकांनी साधा प्रश्न विचारला, ‘या कथेचे हक्क कुणाकडे आहेत? लिहून काय दिलंय?’ मला ‘सर्व हक्क’ एवढंच आठवत होतं. खाली बारीक टाइपात आणखी दोन ओळी होत्या, त्यांत काय होतं देव जाणे. अंकाच्या कार्यालयात फोन केला. श्रावणापासून दिवाळीपर्यंत उत्तर एकच, ‘अंकाची गडबड आहे’. दिवाळीनंतर, ‘साहेब आता नसतात, मे महिन्यात करा’. मे महिन्यात केला तर, ‘जुन्या फायली गोडाऊनला आहेत’. दोन पत्रं आणि चार ईमेल पाठवले. एका ईमेलला उत्तर आलं. त्यात या वर्षीच्या अंकासाठी जाहिरातीचे दर होते. शेवटी ती कथा वगळून संग्रह काढला.

२०२१ मध्ये ऑडिओवाल्यांनी नेमकी तीच कथा मागितली. मी भीतीपोटी नाही म्हणालो. पुढच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आता वकिली करतो. त्याने दोन मिनिटांत सांगितलं ते असं : १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. शिवाय घेणाऱ्याने एखादा हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर कागदात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तेवढा हक्क आपोआप गळतो. म्हणजे मुदत लिहिलेली नसेल, तर २०१९ संपता संपता कथा माझ्याकडे परत आलेली होती आणि २०२१ मध्ये मी स्वतःच्याच मालाला नाही म्हणत होतो. मी खूश. मग तो म्हणाला, ‘सर, कागद दाखवा.’ कागद गोडाऊनला.

मी वकील नाही, हे वरचं ऐकीव अधिक स्वतः वाचलेलं असं मिश्रण आहे. तुमच्या पावतीवरचा मजकूर वेगळा असू शकतो, म्हणून मोठा व्यवहार असेल तर कुणा जाणकाराला दाखवाच.

मी आता काय करतो, ते सांगतो. छापील ‘सर्व हक्कांसह’वर रेघ मारतो आणि पेनाने लिहितो, ‘फक्त अमुक सालच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी. इतर सर्व हक्क लेखकाकडे.’ खाली सही, तारीख. मग दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तेच फोटो संपादकांना ईमेलने. आजवर अशा सात-आठ पावत्या दिल्या, एकानेच कुरकुर केली. त्यानेही पुढच्या वर्षी कथा मागितली. आपल्याकडे ‘हक्क दिले’ आणि ‘छापायला परवानगी दिली’ ही दोन्ही वाक्यं एकाच अर्थाने बोलतात, गोंधळ तिथेच होतो. अंकाला परवानगी पुरते. तुमच्या अंकाच्या संपादकांना बहुधा हक्क नकोही असतील. पावतीपुस्तक कधीतरी कुणीतरी छापून घेतलं, तेच चाललंय. माझ्या मते तरी हा लबाडीपेक्षा आळसाचा प्रकार जास्त आहे. चुकत असेन.

‘माझं नाव नवीन आहे, मी कशी अट घालू’ असं तुम्ही लिहिलंय. नावाचं एवढं मनावर घेऊ नका. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळालं. चांगली विज्ञानकथा वेळेवर देणारे लोक संपादकांना हवेच असतात.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. प्रूफ मागाच, तेही पीडीएफ. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये नेताना घात सपाट होतात, म्हणजे वरचा छोटा आकडा खाली ओळीत येतो. माझ्या एका कथेत दहाचा उणे सहावा घात होता, छापून आलं १०६. नायिकेने एवढं अचूक मोजलेलं अंतर थेट शंभराच्या पुढे. तेव्हापासून घात अक्षरात लिहितो. प्रूफ बघूनही सगळं टळत नाही म्हणा. २००६च्या माझ्या कथेत प्लूटो ‘नववा ग्रह’ होता, २४ ऑगस्टला खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ग्रहांतून काढला, आणि मी फोन केला तोवर ती पानं छापून झाली होती. वाचकांची पत्रं आली. दोन माझ्याच विद्यार्थ्यांची.

त्या कोयनेच्या कथेचं म्हणाल तर गेल्या वर्षी त्या कार्यालयाला शेवटचा ईमेल टाकला : पाच वर्षं कधीच उलटली आहेत, तुमच्याकडे वेगळा करार असेल तर महिन्याभरात प्रत पाठवा, नाहीतर मी कथा वापरतो. उत्तर नाही. ऑडिओवाले मात्र आता सुट्या कथा घेत नाहीत, मालिका मागतात.

तुम्ही पावती अजून पाठवली नसेल तर आधी फोटो काढा, मग इथे मजकूर टाका (नावं झाकून), बघू. आणि चेक बँकेत टाकलात ना? तारखेपासून तीनच महिने चालतो. पावतीसाठी तो अडवून ठेवू नका.