सगळ्यांकडे मोबाईल असताना नागपूरला डिजिटल ट्रंक रेडिओ कशाला हवा?

तुम्ही विचारलंय की अग्निशमन दलातल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, मग महापालिकेने डिजिटल ट्रंक रेडिओवर कोट्यवधी का घालावेत. मी वायरलेस सेट बसवण्या-दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा माझं माप सेटांकडे थोडं झुकणारच. तरी डोळे मिटून ‘घ्या’ म्हणणार नाही.

मोबाईलचं म्हणाल, तर विजयादशमीला दीक्षाभूमीजवळून फोन लावून बघा; लाखो माणसं तेच करत असतात. शिवाय फोन लागतो एकाला. आगीच्या ठिकाणी बटण दाबताक्षणी सगळ्या पथकाला ऐकू जायला हवं.

आता ट्रंक. जुन्या वायरलेसमध्ये प्रत्येक खात्याचा चॅनेल ठरलेला, त्यामुळे एकावर ताटकळ आणि शेजारचा रिकामा. ट्रंकमध्ये सगळे चॅनेल सामाईक ठेवतात आणि कंट्रोल चॅनेल बोलणाऱ्याला त्या क्षणी मोकळा असलेला देतो. तिकीट खिडक्या चार पण रांग एकच, तसं. युरोपातून आलेल्या टेट्रा या ट्रंक पद्धतीत २५ किलोहर्ट्झच्या एका कॅरियरवर, म्हणजे एका रेडिओलहरीवर, ४ टाइमस्लॉट बसतात, म्हणजे वेळ वाटून चार वाटा होतात. आणीबाणीचं बटण दाबणाऱ्याला गर्दीतही आधी वाट मिळते. टॉवर बंद पडला तरी सेट आपापसांत थेट बोलू शकतात, अर्थात जवळच्या जवळ.

पण सामाईक ठेवण्याचा फायदा वाटेकरी बरेच असतील तरच. एकट्या अग्निशमन दलासाठी ट्रंक म्हणजे उधळपट्टी. साधे डिजिटल सेट आणि नीट बसवलेले रिपीटर (सिग्नल पकडून पुढे जोरात पाठवणारे संच) पुरतील. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा अग्निशमन, एनडीआरएफ, एसडीआरएफ, लष्कर सगळेच उतरले होते. अशा वेळी वेगवेगळ्या खात्यांना एका टॉकग्रुपवर, म्हणजे एकमेकांचं ऐकू येणाऱ्या एका गटात, आणता यावं, पैसे त्याचे मोजायचे. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दुसराही मनोरा कोसळेल असा इशारा आला होता. अग्निशमनवाल्यांचे रेडिओ वेगळे होते, आत असलेल्या कित्येकांपर्यंत तो पोचलाच नाही.

म्हणून उद्या निविदा निघालीच, तर सेट किती हे शेवटी बघा. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग त्यात आहे का? सीताबर्डीवरच्या तळघरांत सिग्नल उतरतो का? वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी किती तास टिकते? आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च कोणत्या खात्याच्या माथी? हे शेवटचं आधी कागदावर घ्या, खाती भांडतात ती इथेच.