वेब फॉर्म्सचा ओपन सोर्स वारस बांधायचाय? आधी काय सोडणार ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुमच्याकडे एएसपी डॉटनेट वेब फॉर्म्समधलं (मायक्रोसॉफ्टची वेबसाइट बांधायची जुनी पद्धत) बऱ्याच वर्षांचं अ‍ॅप्लिकेशन आहे, चारशेच्या आसपास पानं आहेत, वरून आदेश आलाय की नव्या डॉटनेटवर न्या, आणि तुम्ही तिघे म्हणताय की नुसतं आपलंच अ‍ॅप कशाला, वेब फॉर्म्सचाच एक आधुनिक ओपन सोर्स वारस बांधू म्हणजे अडकलेल्या सगळ्यांचीच सोय होईल. करावं का, आणि केलं तर सुरुवात कुठून.

माझं मत, करा. पण 'जुनं एएसपीएक्स पान उचललं, नव्यात टाकलं आणि चाललं' हे वचन लोकांना देऊ नका. ते पाळायला गेलात तर जुन्या चुका हुबेहूब नव्याने लिहिण्यात दोन वर्षं जातील. मी २००५ पासून, म्हणजे एएसपी डॉटनेट २.० सोबत ग्रिडव्ह्यू (माहितीचा तक्ता दाखवणारा कंट्रोल, म्हणजे पानावरचा तयार भाग) आणि मास्टर पेज (सगळ्या पानांचा सामाईक साचा) आले तेव्हापासून यातच आहे, आणि असं एक काम अर्धं करून सोडलेलंही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, घाई नाहीये. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८.१, म्हणजे जुनं डॉटनेट, विंडोजच्या सपोर्टला जोडलेलं आहे, उद्या सकाळी तुमचं अ‍ॅप बंद पडणार नाही. पण पुढे रस्ता नाही हेही तितकंच खरं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमव्हीसी, वेब एपीआय आणि रेझर हे एएसपी डॉटनेटचे दुसरे भाग ओपन सोर्स केले, वेब फॉर्म्स त्यात नव्हतं. २०१६ मध्ये एएसपी डॉटनेट कोअर १.० (नव्या डॉटनेटची वेब बाजू) आलं त्यातही नव्हतं, आणि २०१९ मध्ये तर स्पष्टच सांगितलं की वेब फॉर्म्स आणि डब्ल्यूसीएफची (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची जुनी सोय) सर्व्हर बाजू नव्या डॉटनेटवर येणार नाही. त्यातल्या डब्ल्यूसीएफचं पुढे काय झालं ते तुम्ही नीट बघा, कारण तुमच्यासाठी तोच सगळ्यात जवळचा धडा आहे. कम्युनिटीने कोअरडब्ल्यूसीएफ नावाचा प्रोजेक्ट डॉटनेट फाउंडेशनखाली चालवला, २०२२ मध्ये १.० आलं आणि मायक्रोसॉफ्टने त्याला सपोर्टही जाहीर केला. त्यांनी मूळ डब्ल्यूसीएफमधलं सगळं पहिल्याच आवृत्तीत आणायचा हट्ट धरला नाही, जे लोक खरंच वापरतात ते आधी आणलं.

वेब फॉर्म्ससाठीही प्रयत्न झालेत. डॉटव्हीव्हीएम आहे, झेक लोकांचं, जुन्या फ्रेमवर्कवरही चालतं आणि कोअरवरही, त्यामुळे एकेक पान बदलता येतं. ब्लेझरवेबफॉर्म्सकॉम्पोनंट्स आहे, त्यात कंट्रोलची नावं आणि अ‍ॅट्रिब्यूट तीच ठेवून ब्लेझरवर (सी शार्पमध्ये वेब पानं लिहायची मायक्रोसॉफ्टची नवी पद्धत) पुन्हा लिहिलेत, आणि एसक्यूएलडेटासोर्ससारखे डेटासोर्स, थीम, विझार्ड आम्ही आणणार नाही हे त्यांनी रीडमीमध्येच (प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाइलीत) लिहून टाकलं होतं. तुमचा रीडमीही असाच सुरू व्हायला हवा, काय येणार नाही तिथून. हे दोन्ही प्रोजेक्ट आठवडाभर वापरून बघा, आणि तुमचं काम त्यातल्या एकाने भागत असेल तर मनापासून सांगतो, नवीन काढू नका, तिथेच हातभार लावा.

आता तरीही बांधायचंच असेल तर मुख्य प्रश्न हा की वेब फॉर्म्स म्हणजे नक्की काय होतं. ज्या लोकांनी व्हीबीमध्ये (व्हिज्युअल बेसिक) बटणावर डबल क्लिक करून कोड लिहिला होता त्यांना वेबवर तसंच काम करता यावं हा २००२ चा विचार होता, आणि त्या विचाराने आपल्याकडे हजारो मुलांना पहिली नोकरी मिळाली. बटण आहे, त्याचा क्लिक इव्हेंट आहे, टेक्स्टबॉक्समध्ये जे होतं ते परत येतं, आणि 'इज पोस्टबॅक नसेल तरच डेटा बाइंड कर' (पान पहिल्यांदा उघडत असेल तरच माहिती भर) ही एक ओळ समजली की माणूस कामाला लागायचा. वारशात हे यायला हवं. पेज लाइफसायकलच्या, म्हणजे पान तयार होण्याच्या, दहा-बारा पायऱ्या, डायनॅमिक कंट्रोल त्यातल्या इनिटमध्ये टाकायचा की लोडमध्ये यावरची डोकेफोड, हे नाही आलं तरी कुणी रडणार नाही.

व्ह्यूस्टेटबद्दल (पानाची स्थिती पानातच लपलेल्या फील्डमध्ये ठेवून प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडे पाठवायची पद्धत) मात्र थांबून बोलायला हवं, कारण सगळे त्याला शिव्या देतात आणि मीही दिल्यात. मी बरीच वर्षं एका साखर कारखान्याचं ऊसनोंदणी आणि तोडणीचं सॉफ्टवेअर बघत होतो. गट ऑफिसमधून क्लार्क नोंदी भरायचे, आणि मी स्वतः लिहिलेल्या एका पानावर गटातले सगळे सभासद एकाच ग्रिडमध्ये, पेजिंग नाही, व्ह्यूस्टेट चालू. त्या लपलेल्या फील्डचंच वजन एक एमबीच्या वर गेलं होतं आणि प्रत्येक क्लिकला ते डोंगलवरून वर जायचं आणि खाली यायचं. गाळप हंगामात मला रोज फोन. शेवटी पेजिंग टाकलं, ग्रिडचं व्ह्यूस्टेट बंद केलं, पान हलकं झालं आणि मी ठरवून टाकलं की ही कल्पनाच चुकीची आहे.

पुढे काही वर्षांनी त्याच कामाचा एक भाग आम्ही ब्लेझर सर्व्हरवर करून पाहिला. डेव्हलपर म्हणून इतकं छान वाटलं, इव्हेंट आहेत, स्टेट आहे, व्ह्यूस्टेट नाही. पण तिथे सगळं स्टेट सर्व्हरच्या मेमरीत असतं आणि ब्राउझरशी जोडणी सतत उघडी लागते, ती तुटली की डिफॉल्टने तीन मिनिटं सर्व्हर वाट बघतो आणि मग सोडून देतो. गट ऑफिसमध्ये लाइट गेली, राउटर बंद, दहा मिनिटांनी आली, तोवर लॅपटॉपवर फॉर्म समोर अर्धा भरलेला दिसतोय पण त्याच्या मागे काहीच उरलेलं नाही. क्लार्कने मला विचारलं, जुन्यात असं कधी व्हायचं नाही हो साहेब, आता का होतंय. आणि खरंच व्हायचं नाही! जुन्यात पान स्वतःची आठवण स्वतःबरोबर घेऊन फिरायचं, मधे सर्व्हर रिस्टार्ट झाला तरी लाइट आल्यावर सेव्ह दाबलं की नोंद जायची. त्या दिवसापासून मी व्ह्यूस्टेटकडे वेगळ्या नजरेने बघतो. कल्पना बरोबर होती, न विचारता सगळंच त्यात कोंबायची सवय चुकीची होती.

म्हणून माझा आग्रह असा की तुमच्या वारसात स्टेट पानाबरोबरच फिरू दे, फक्त ते डिफॉल्टने रिकामं असावं. प्रोग्रॅमरने हाताने लिहून सांगितलं की ही दोन व्हॅल्यू ठेव, तरच ठेवायच्या. साधं जेसन (मजकुराचा सोपा फॉरमॅट), कोअरच्या डेटा प्रोटेक्शन या सोयीने सही आणि एन्क्रिप्शन, आणि आकाराला मर्यादा, ती ओलांडली की डेव्हलपमेंटमध्येच एरर. डेटा प्रोटेक्शनच्या किल्ल्या डिफॉल्टने ९० दिवसांनी बदलतात पण जुनी किल्ली ठेवलेली असते त्यामुळे उघडं राहिलेलं पान मोडत नाही. फक्त त्या किल्ल्या कायमच्या जागी साठवायला विसरू नका, आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) सेटिंग राहिलं तर त्या नुसत्या मेमरीत राहतात आणि रिस्टार्टला जातात, म्हणजे माझ्या क्लार्कचा प्रश्न पुन्हा तिथेच.

आणि कुणी कितीही म्हणालं की जुना फॉरमॅट वाचता आला तर मायग्रेशन सोपं होईल, तरी जुन्या व्ह्यूस्टेटचा डिसिरियलायझर (साठवलेला डेटा वाचून पुन्हा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) आणू नका. मशीन की (व्ह्यूस्टेटवर सही करायची सर्व्हरची गुप्त किल्ली) बाहेर फुटली की बनावट व्ह्यूस्टेट पाठवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की त्यांना ३,००० हून जास्त मशीन की इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सापडल्या, लोकांनी कुठल्यातरी नमुना कोडमधून कॉपी केलेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये शेअरपॉइंट सर्व्हरवर जे हल्ले झाले त्यातही चोरलेल्या मशीन कीने व्ह्यूस्टेट बनवलं होतं. बायनरीफॉरमॅटर, म्हणजे असा डेटा वाचणारा जुना भाग, तर डॉटनेट ९ मधून काढूनच टाकलाय. ते दार बंद झालंय, ते तुमच्या हाताने उघडू नका.

आतल्या कामात तीन ठिकाणी अडाल, मी अडलो होतो म्हणून सांगतो. पहिलं, जुने कंट्रोल एचटीएमएल थेट आउटपुटवर सिंक्रोनस (लिहून होईपर्यंत थांबून) लिहितात, आणि कोअर ३.० पासून सिंक्रोनस लिहिणं डिफॉल्टने बंद आहे. सेटिंगने चालू करता येतं पण करू नका, आधी बफरमध्ये रेंडर करा आणि मग एकदम असिंक पाठवा. दुसरं, जुनं पान चालताना कोडडॉमने (जुन्या डॉटनेटमधली कंपाइल करायची सोय) कंपाइल व्हायचं, ते आता चालत नाही. रोझलिनचे (डॉटनेटचा नवा कंपायलर) सोर्स जनरेटर वापरून बिल्डच्या वेळीच पानाचा क्लास तयार करा, चुका आधीच कळतात हा मोठा फायदा. तिसरं एचटीटीपीकॉन्टेक्स्ट करंट, म्हणजे चालू रिक्वेस्टची माहिती कुठूनही देणारा ऑब्जेक्ट, जो तुमच्या बिझनेस लॉजिकच्या डीएलएलमध्येही शिरलेला असणार, पैज लावतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सिस्टिमवेब (वेब फॉर्म्सची मूळ लायब्ररी) अ‍ॅडाप्टर आहेत, ते वापरा, स्वतः लिहू नका.

एचटीएमएल कसं बाहेर पडतं यावर खूप वेळ द्या. लोकांच्या जावास्क्रिप्टमध्ये आणि सीएसएसमध्ये सीटीएल००, अंडरस्कोर, कंटेंटप्लेसहोल्डर१ अशी लांबलचक आयडी हाताने लिहिलेली असतात, एएसपी डॉटनेट ४.० मध्ये त्या छोट्या करायला क्लायंट आयडी मोड आला तरी जुन्या पानांना कुणी हात लावला नाही. म्हणून प्रत्येक कंट्रोल जुन्या फ्रेमवर्कवर चालवून त्याचं आउटपुट फाइलमध्ये जपून ठेवा आणि नव्याची रोज त्याच्याशी तुलना करा, अगदी ग्रिडच्या टेबलातल्या सेलस्पेसिंगपर्यंत. कंटाळवाणं काम आहे पण वापरणाऱ्याचा विश्वास यावरच बसतो. जुन्याचं वागणं समजून घ्यायला सोर्स बघायचा असेल तर २०१४ मध्ये डॉटनेट फ्रेमवर्कचा रेफरन्स सोर्स एमआयटी लायसन्सखाली आलाय, त्यात सिस्टिमवेब आहे, तेव्हा चोरून बघितल्यासारखं वाटून घेऊ नका. त्यातला कोड घेतलात तर लायसन्सची नोंद ठेवा. नाव मात्र तुमचं स्वतःचं ठेवा, एएसपी डॉटनेट हे त्यांचं नाव आहे.

आणि आता जे मी सगळ्यात उशिरा शिकलो. पूल आधी, घर नंतर. अँग्युलरचं (गूगलचं वेब फ्रेमवर्क) आठवत असेल, ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसला दुसऱ्या आवृत्तीची घोषणा करताना जुन्यातलं काय काय जाणार ते सांगितलं, कंट्रोलर, स्कोप, सगळं, आणि जुनं अ‍ॅप नव्यात कसं न्यायचं याचं पटेल असं उत्तर तेव्हा नव्हतं. दुसरी आवृत्ती आली सप्टेंबर २०१६ मध्ये. जुनं नवं एकत्र चालवायची सोय त्यांनी घोषणेनंतर काही काळाने दिली, चांगली दिली, पण तोवर बरेच लोक दुसरीकडे निघून गेले होते. तुमच्या हातात आज वायएआरपी आहे, मायक्रोसॉफ्टचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे आलेली रिक्वेस्ट योग्य अ‍ॅपकडे पाठवणारा मधला भाग. पुढे नवं कोअर अ‍ॅप, जी पानं त्यात आहेत ती त्याने द्यायची, बाकी सगळं मागच्या जुन्या अ‍ॅपकडे पाठवायचं, लॉगिन आणि सेशन अ‍ॅडाप्टरमधून दोघांत वाटून घ्यायचं. वापरणाऱ्याला कळतही नाही की पान कुठून आलं. हे आधी तुमच्या चारशे पानांसमोर उभं करा, एक साधं रिपोर्टचं पान नव्यात न्या, लाइव्ह करा, आणि मग फ्रेमवर्कची पहिली ओळ लिहा. त्या एका पानातून जे कळेल ते तीन महिने आर्किटेक्चरच्या मीटिंग घेऊन कळणार नाही.

माणसांचंही बघा. तिघांपैकी एकाची नोकरी बदलली, एकाच्या घरी बाळ आलं की प्रोजेक्ट एकावर येतो, माझा असाच थांबला, त्यात कुणाचीच चूक नव्हती. कंपनीकडून आठवड्याचे ठरावीक तास लिहून घ्या आणि कोडवर हक्क कुणाचा हेही पहिल्या कमिटच्या आधी लिहून घ्या, नंतर तो विषय फार कडू होतो. बाहेरचं कुणी मदतीला आलं तर त्याला छोटा पण संपूर्ण कंट्रोल द्या, चेकबॉक्सलिस्टसारखा, टेस्टसकट.

सुरुवात या शनिवारीच करता येईल. सगळ्या एएसपीएक्स (पानं) आणि एएससीएक्स (पानात टाकायचे तुकडे) फाइलींवर साधी स्क्रिप्ट चालवा आणि कुठला कंट्रोल किती वेळा आलाय ते मोजा, बाहेरून विकत घेतलेले कंट्रोल वेगळे मोजा कारण खरी अडचण तिथे असते, तुमच्या टेक्स्टबॉक्स-लेबलमध्ये नाही. आमच्याकडे मोजलं तेव्हा दहा-बारा कंट्रोलमध्येच बहुतेक पानं बसत होती. तुमचे आकडे आले की इथेच टाका, मग पहिल्या आवृत्तीत काय घ्यायचं ते बसून ठरवू. ग्रिडव्ह्यूचं पेजिंग आणि सॉर्टिंग मी लिहून द्यायला तयार आहे, माझ्या जुन्या अर्धवट प्रोजेक्टमधल्या त्याच्या टेस्ट अजून माझ्याकडे आहेत.