मायग्रेनचे ट्रिगर कसे ओळखायचे? चॉकलेट-चीज बंद करूनही फरक नाही, एखादं चांगलं अ‍ॅप आहे का?

चॉकलेट-चीजची यादी मलाही कोणीतरी मोबाइलवर पाठवली होती. चीज आमच्या गावात मिळतच नाही त्यामुळे ते आपोआपच बंद होतं. आमच्या घरी गुन्हेगार ठरलं होतं वांगं.

अर्धशिशी मला माहेरपासूनच. लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात आली तेव्हा पहिल्याच वर्षी सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "वांगं वातूळ असते वो, सोड ते, मंग पाह्य डोकं कसं राहते." सोडलं. तुराट्यांवर वांगी भाजली जायची, घरभर तो वास, सगळे भाकर-भरीत खायचे अन मी वरणाशी. दोन वर्षं. डोकं आपलं चालूच. तर म्हणे वास तं जातोच ना नाकात! मग सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलेबी झाली, त्यानं थोडं बरं वाटलं खरं, पण मला आता वाटते की त्या निमित्तानं सकाळी पोटात काहीतरी जात होतं म्हणून.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं की महिन्यातून किती वेळा दुखते अन किती गोळ्या खाता, अन मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. तेव्हा घरातल्या कालनिर्णयवर, जिथे आम्ही दुधाचा हिशोब लिहितो, तिथेच खुणा सुरू केल्या. दुखलं की फुली, गोळी घेतली की टिंब, पाळीला गोल. वांगं खाल्लं की "वां". हो, मुद्दाम खायला लागली परत, कारण खाल्ल्याशिवाय कळणार कसं?

तीन महिन्यांत 9 फुल्या. त्यातल्या 6 मंगळवारच्या. मंगळवार म्हणजे बाजार. सकाळी सातची एसटी, निघताना नुसता लाल चहा, तोही कधी राहून जायचा, डोक्यावर ऊन, पाणी कमी प्यायचं कारण बाजारात बाईमाणसाला जायला जागा नाही (हे कोणत्या यादीत लिहीत नाहीत), अन घरी येऊन जेवायला तीन. अन बाजारातून काय आणायची? वांगी! ताजी मिळायची ना. संध्याकाळी भरीत, रात्री डोकं. म्हणजे सासूबाईंनी बघितलं ते खोटं नव्हतं, जोडलं चुकीचं. इतर वारी "वां" लिहिलेले 15-16 दिवस होते, त्यातल्या एकाही दिवशी फुली नाही.

अन अजून एक, परतीच्या एसटीतच मला जांभयांवर जांभया यायच्या, मान आखडायची, गोड खावंसं वाटायचं. मी समजायची थकवा. डॉक्टर म्हणाले ही दुखण्याचीच सुरुवात, डोकं ठणकायच्या काही तास आधी, कधी कधी एक-दोन दिवस आधीसुद्धा असं होते. म्हणजे वांगं पिशवीत होतं तेव्हाच दुखणं सुरू झालेलं होतं. तुमच्या चॉकलेटचंही तपासा, चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं की दुखणार होतं म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं.

प्रत्येक बाजाराला दुखायचं असंही नाही. गोलाच्या आधीचे दोन दिवस किंवा पाळीचे पहिले तीन दिवस अन त्यात बाजार आला की हमखास. एकटं ऊन मी सहन करते, नुसती उपासमारही सहन करते, जोडीनं आले की संपलं. त्यामुळे एकदा खाल्लं अन दुखलं एवढ्यावर काही ठरवू नका, कमीत कमी दोन-तीन महिने लिहा. झोप पण लिहा, कमी अन जास्त दोन्ही. रोजचा चहा एकदम बंद केला तरी दुखते.

आता मी दोन भाकरी खाऊन अन पाण्याची बाटली घेऊन बाजाराला जाते. पूर्ण थांबलं नाही, पण पहिल्यासारखं नाही.

हे माझं झालं, तुमचं वेगळं असू शकते, एखाद्याला खाण्याचंच असते. अन टिंबं मोजाच. माझ्या फुल्या महिन्याला तीनच, पण टिंबं 12-13 निघाली, पानठेल्यावरून आणलेल्या मिक्स गोळ्यांची (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात त्या). पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस अन असल्या मिक्स गोळ्या 10 दिवस, असं तीन-चार महिने चाललं की गोळीनंच डोकं दुखायला लागू शकते. अन एकाएकी कधी नव्हे इतकं भयानक दुखलं, बोलणं अडखळायला लागलं, हात-पाय लुळा वाटला किंवा तापासोबत मान आखडली तर ट्रिगर शोधत बसू नका, सरळ दवाखाना.

सासूबाईंना कॅलेंडर दाखवलं होतं. म्हणे, "मंग बाजारातलीच वांगी खराब असतीन." आता परसात लावली आहेत.

अ‍ॅपचं विचारलं होतं तुम्ही, मी वापरलं नाही.