धारपांपासून सुरुवात करताना

विज्ञान आणि भय यांची सांगड घालून लिहू इच्छिणाऱ्या तुमच्यासारख्या खानापूरकराने मराठी भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) मन लावून वाचावेत, असे मला कळकळीने वाटते. आधी त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथा घ्या, मग ‘लुचाई’. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ही कादंबरी वाचताना परकी कल्पना मराठी मातीत कशी रुजवली आहे, ते बारकाईने पाहा. त्यांच्या विज्ञानकथा मागे पडल्या, हे मला अन्यायाचे वाटते. त्याही जुन्या ग्रंथालयांतून हुडकून काढा. लिहिताना मात्र परदेशी प्रयोगशाळा उभारू नका. तुमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचा पाऊस, दिवसभर गेलेली वीज, कौलातून थेंब पडणारी माजघरातली ओली भिंत एवढे नेमके लिहा आणि त्या भिंतीत काय वाढते आहे, ते लगेच सांगू नका.