केस काढायच्या लेसरला जाताना दोन्ही पायांना बधिर करायचं क्रीम घरूनच लावून निघालं तर चालेल का?

ताई, तुमच्या पार्लरवालीने सांगितलंय की विट्यातच गुडघ्यापासून घोट्यापर्यंत क्रीम थापा, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक गुंडाळा आणि एसटीने सांगलीला या, पोचेपर्यंत पाय बधिर होतील. तसं अजिबात करू नका. मी सांगलीत विश्रामबागला मेडिकल चालवतो, या ट्यूब माझ्याच काउंटरवरून जातात, तरी सांगतोय.

किती वेळ आधी लावायचं हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. किती जागेवर लावायचं हे कुणी विचारत नाही, आणि धोका तिथेच आहे. आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या क्रीममध्ये लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असतं. मोठ्या माणसाच्या धडधाकट कातडीवर १० चौरस सेंटीमीटरला साधारण दीड ग्रॅम, आणि एका वेळी जास्तीत जास्त ६० ग्रॅम, तेही ४०० चौरस सेंटीमीटरवर. बोटांसकट आपला पंजा म्हणजे अंगावरच्या कातडीचा सुमारे १ टक्का. त्या मापाने ४०० म्हणजे जेमतेम अडीच पंजे. गुडघ्याखालचे दोन्ही पाय मिळून १४ टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे दोन हजार चौरस सेंटीमीटरच्या वर. हिशेबाने ३० ग्रॅमच्या दहा ट्यूब लागतील! पातळ हात फिरवला तर धड बधिरही होत नाही, थर जाडच लागतो.

एवढं औषध कातडीतून रक्तात उतरलं की ते मेंदूवर आणि हृदयावर काम करायला लागतं. प्लॅस्टिकने आणि उष्णतेने ते आणखी जोरात शोषलं जातं. एप्रिलमधली दुपारची एसटी डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरआधी अगदी असंच केलं होतं, पायांना क्रीम लावून वर प्लॅस्टिक. दोघींना झटके आले, त्या बेशुद्ध पडल्या आणि गेल्या. तिथल्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये त्यावर जाहीर इशारा दिला. त्यांची क्रीमं जास्त तीव्रतेची होती, हे खरं. पण पार्लरमधल्या लेबल नसलेल्या डबीत किती टक्के आहे हे तुम्हाला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट माझ्या मते तितकीच मोठी. लेसरमध्ये दुखणं हीच घंटा असते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला मशीन जास्त तापलं तर भाजतं, आणि पाय बधिर असेल तर 'थांबा, चटका बसतोय' असं तुम्ही म्हणणारच नाही. पायांना बहुतेकींना मशीनच्या गारव्यावर निभावतं.

वरच्या ओठासारख्या छोट्या जागेला मात्र क्रीम वापरायला हरकत नाही, पण ते क्लिनिकमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीत. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे वेळही कमी लागतो. डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, ओठाच्या आत लागू द्यायचं नाही, आणि मशीन लावण्याआधी पूर्ण पुसून काढायचं. जागा पांढरट पडली तर घाबरू नका, तसं होतं.

डॅप्सोन, सल्फाच्या गोळ्या, फिटसाठी फेनिटोइन किंवा फेनोबार्बिटोन यांपैकी काही चालू असेल, किंवा रक्तातल्या जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. प्रिलोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटू शकते. ओठ-नखं निळसर-राखाडी दिसतात, आणि हे काही तासांनीही होऊ शकतं. लहान मुलांची मर्यादा तर खूपच कमी, म्हणून उरलेली ट्यूब घरात कुणाच्या कान टोचण्यासाठी ठेवून देऊ नका.

क्रीम लावल्यावर जीभ बधिर, तोंडात धातूची चव, कानात आवाज, गरगरणं, छातीत धडधड यातलं काही जाणवलं तर लगेच पुसून धुवा आणि १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

आणि हो, लेसरच्या आधी काही आठवडे वॅक्सिंग नको. केसांचं मूळच गेलं तर लेसर कशावर मारणार? नुसती दाढीसारखी शेव्हिंग करा, आणि कुठे कापलं तर त्या जागेवर कुठलंच बधिरीचं औषध लावून घेऊ नका.