दुकानदार लॅपटॉप अडवून बसला आहे, पैसे भरू का?

प्रश्न : मुलीचा लॅपटॉप सुरू होत नव्हता म्हणून साताऱ्यातल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. अंदाज सांगितला 1,800 रुपयांचा, घेतले 6,500. मदरबोर्डचं काम निघालं म्हणाले. बिल दिलं नाही, फक्त लॅपटॉप जमा केल्याची चिठ्ठी आहे. चार दिवसांत पुन्हा तेच. परत नेला तर 'हा वेगळा फॉल्ट आहे' म्हणून मला न विचारता आणखी एक पार्ट बदलला. आता 4,000 दिल्याशिवाय लॅपटॉप देत नाहीत. चिठ्ठीवर '30 दिवसांत न नेल्यास दुकान जबाबदार नाही' असं छापलंय. मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यात अडकलाय. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, पोलिसांत जायची घाई करू नका. लॅपटॉप आपल्याकडे आहे हे दुकानदार नाकारत नाही, म्हणून पोलीस हा दिवाणी वाद म्हणतील आणि तुमचा दिवस वाया जाईल. उद्या त्याने 'आमच्याकडे दिलाच नाही' म्हटलं किंवा परस्पर विकला, तर मात्र तो विश्वासघाताचा गुन्हा होईल. त्या चिठ्ठीचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढून ठेवा.

आता अडवून ठेवण्याबद्दल. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, म्हणून स्पष्ट सांगते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे कारागिराला आपल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. म्हणजे दुकानदार अगदीच हवेत बोलत नाही. पण हा हक्क फक्त ठरवून दिलेल्या कामापुरता आहे. पहिल्या कामाचे 6,500 तुम्ही चुकते केलेत, तो हिशेब मिटला. दुसऱ्या वेळी तुम्ही तीच तक्रार घेऊन गेलात. नवा पार्ट टाका असं सांगितलं नाही, दरही ठरला नाही. त्या 4,000 साठी लॅपटॉप धरून ठेवण्याचा त्याचा हक्क माझ्या मते टिकणार नाही. मात्र एक आठवून बघा. फोनवर 'बरं, करून टाका' असं काही बोलणं झालं होतं का? झालं असेल तर ते माझ्यापासून, पुढे जिथे तक्रार कराल त्या ग्राहक आयोगापासून, कुणापासूनही लपवू नका. प्रकरण तिथेच फिरतं.

त्या 30 दिवसांना घाबरू नका, पण गप्पही बसू नका. तुम्ही नेत नाही असं नाही, तो देत नाही, आणि हे कागदावर यायला हवं. आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : 'मी लॅपटॉप न्यायला तयार आहे. नव्या पार्टला माझी संमती नव्हती, तो काढून घ्या. 6,500 रुपयांचं बिल द्या.' हाच मजकूर सही करून स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोच जपून ठेवा. सात दिवसांची मुदत पुरे.

प्रोजेक्टची तारीख त्याआधी येत असेल तर माझा सल्ला वेगळा आहे : पैसे भरा आणि लॅपटॉप सोडवून आणा. मुलीचं वर्ष 4,000 पेक्षा मोठं आहे. पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या, आणि देण्याआधी मेसेज टाका की ही रक्कम माझे हक्क अबाधित राखून, केवळ वस्तू परत मिळावी म्हणून देत आहे. असं लिहून दिलेले पैसे पुढे परत मागता येतात. ताबा घेताना दुकानातच चालू करून बघा, सिरियल नंबर जुळवा, रॅम आणि डिस्क तीच आहे का ते पाहा, मोबाइलवर चित्रीकरण करा. घरी आल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाकडून दोष काय होता, आधीचं काम झालं होतं का, हे लेखी घ्या. तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग याच कागदाचा होईल.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली, साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. सदोष दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून कायद्यातच नोंदलेली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, मुदत दोन वर्षांची, वकील लावायलाच हवा असंही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. परतावा, मनस्तापाची भरपाई आणि खर्च तिन्ही मागा. लॅपटॉप तोवर मिळाला नसेल तर तो लगेच द्यावा असा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेशही तक्रारीसोबतच मागा.

त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. तिथून फोन गेला की काही दुकानदार तेवढ्यानेच वस्तू परत करतात.