प्रचार, मिशन आणि साक्ष

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे: "आमच्या शेजारचे ख्रिस्ती कुटुंब म्हणते, 'आम्ही प्रचार करत नाही, साक्ष देतो, कारण आमचा देवच नात्यात आहे.' साक्ष तर कोर्टात देतात. हा नुसता शब्दांचा खेळ, की अर्थात खरोखर फरक आहे?"

फरक आहे, आणि त्याचे मूळ 'देवच नात्यात आहे' यात आहे, म्हणून आधी ते पाहू. ख्रिस्ती लोक देव एकच मानतात, पण त्या एकात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे. मराठीत याला 'त्रैक्य' म्हणतात. कोणी 'ख्रिस्ती त्रिमूर्ती' लिहितात, ते टाळलेले बरे. त्रिमूर्ती म्हटले की उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी मनात येते. इथे नावेच नात्याची आहेत: मूल नसेल तर कुणी बाप कसा म्हणवेल? तेव्हा जग नव्हते तेव्हाही देव एकटा नव्हता, प्रीती त्याच्यात होतीच, असे हे मत. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात 'देव प्रीती आहे' असे वाक्य आहे. 'प्रेमळ आहे' नव्हे. तिथे विशेषण चालत नाही. गोव्यातल्या राशोलला 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्याच्या आरंभी थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने 'देवा बापा' अशी हाक घातली आहे, आणि गोव्यातल्या कोंकणी प्रार्थनांत ती हाक आजही आहे.

आता 'मिशन'. लॅटिन 'मिस्सिओ' म्हणजे पाठवणी. मध्ययुगीन धर्मशास्त्रात हा शब्द देवाच्या आतल्या व्यवहाराचा होता: पित्याने पुत्राला पाठवले, मग पवित्र आत्म्याला. माणसांनी दूरदेशी जाऊन धर्म सांगणे हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइट पाद्र्यांनी, दिला. त्यांच्यातलाच फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात उतरला. आपल्याकडचे ख्रिस्ती शेजारी रविवारी ज्या 'मीस'ला जातात, तो शब्दही याच धातूचा. उपासनेच्या शेवटी 'जा' असा निरोप असतो, त्यावरून पडलेला.

'प्रोपगंडा'ची कुळकथाही चर्चमधलीच. 1622 साली रोममध्ये श्रद्धाप्रसाराचे खाते निघाले, त्याच्या लॅटिन नावातला 'प्रोपागांदा' पुढे जगभर बदनाम झाला. गोव्यात या खात्याचे आणि पोर्तुगीज राजाच्या 'पाद्रोआद' हक्काचे (पूर्वेकडच्या चर्चची व्यवस्था पाहण्याचा, पोपने दिलेला हक्क) दीर्घकाळ भांडण चालले, म्हणजे प्रसार कुणी करायचा यावरच वाद. शिवाय साष्टीतली देवळे 1567 साली पाडली गेली, आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560पासून, मधला अल्पसा खंड सोडला तर, 1812पर्यंत होते. त्यामुळे 'धर्मप्रचार' म्हटले की गोंयकाराच्या कानात आधी 'बाटवणे' वाजते. वाजणारच. माझे मत विचाराल तर त्या जबरदस्तीविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा त्रैक्याचाच आहे: देवाचे स्वरूप परस्परांना दिलेली प्रीती असेल, तर ती हुकमाने कशी पोचवणार?

'साक्ष' इथेच उपयोगी पडते. 'साक्षिन्' म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा, हे पाणिनीनेच सांगून ठेवले आहे. पण आपल्या कानांना साक्षीचे दोन अर्थ सवयीचे: एक कोर्टातला, दुसरा वेदान्तातला. वेदान्तातला साक्षी अलिप्त असतो. तो पाहतो, गुंतत नाही. बायबलमधला साक्षी नेमका उलटा, गुंतल्याशिवाय त्याला साक्षच देता येत नाही. वर सांगितलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीला योहान म्हणतो ते असे: जे आम्ही ऐकले, पाहिले, हातांनी चाचपले ते तुम्हांला सांगतो, म्हणजे तुम्ही आमच्याशी भागीदार व्हाल, आणि आमची भागी पित्याशी व पुत्राशी आहे. सांगण्याचा हेतू इथे भागी हा आहे, मतांतर नव्हे. या भागीला मराठी ख्रिस्ती 'सहभागिता' म्हणतात. योहानाच्याच शुभवर्तमानात (अध्याय 17) येशू प्रार्थना करतो की, तू माझ्यात व मी तुझ्यात आहोत तसे हे सगळे एक व्हावेत, म्हणजे जग विश्वास धरील. जगाला पटायचे ते या एकीमुळे.

गोव्याचेच उदाहरण हवे तर जुझे वाझ घ्या. बाणावलीचा हा पाद्री 1687 साली श्रीलंकेत गेला. डचांच्या अमलात कॅथलिक धर्मावर बंदी होती, म्हणून वेष बदलून. पाठीशी पोर्तुगीज सत्ता नव्हती. डचांच्या अमलाबाहेरच्या कँडी राज्यात 1697 साली देवीची साथ आली तेव्हा तो रोग्यांची शुश्रूषा करत राहिला. तिथला राजा बौद्ध होता, त्याने त्याला काम करू दिले. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला संतपद दिले. याला 'प्रचारक' म्हणणे मला तोकडे वाटते.

अर्थात 'साक्ष' म्हटल्याने प्रचार साक्ष होत नाही. शेजारी तुमच्या आजारपणात धावून येतो तो तुम्ही चर्चला याल या हिशेबाने, असे असेल तर शब्द बदलला, काम तेच राहिले. तुमच्या शेजाऱ्यांचे कोणते, ते तुम्हीच जाणा.

वापरापुरते सांगायचे तर 'साक्ष' स्त्रीलिंगी: ती देतात किंवा सांगतात. देणाऱ्याला 'साक्षीदार' म्हटले की कोर्ट आठवते. मराठी बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये 1:8 या वचनात, 'साक्षी' आहे, तोच लिहावा.